कुणी सांगितलं, कुणी लिहून घेतलं : पद्यातली आत्मकथनं आणि आपला वर्ग



सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मी मराठीचा प्राध्यापक नाही. माझी सगळी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, तीही धुळ्यात, जिथे तत्त्वज्ञानाच्या वर्गात बाकं जास्त आणि मुलं कमी असायची. त्यामुळे दर जूनमध्ये ठरलेलं वाक्य ऐकायला मिळायचं : "सर, तुमचे तास कमी भरताहेत, मराठीचे चार तास घ्या ना." असे ते चार तास गळ्यात पडले आणि पुढे चौदा-पंधरा वर्षं गळ्यातच राहिले. आजचा विषय त्या चार तासांतून आलेला आहे. मराठीचे जाणकार इथे जळगावात भरपूर बसलेले आहेत, त्यांनी चुका पदरात घ्याव्यात.

दुसरं म्हणजे, मला सांगण्यात आलं की हे बोलणं रेकॉर्ड होणार आणि नंतर कुणीतरी ते शब्दशः उतरवून काढणार. जो कुणी उतरवणार आहे त्याला माझा आधीच नमस्कार. बोललेलं उतरवून घेण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी खाली बसून लिहून घ्यायचे. 'गीताप्रवचने' हे पुस्तक असं तयार झालं. आज आपण ते विनोबांचं पुस्तक म्हणतो, आणि ते आहेच. पण कागदावर हात फिरला तो गुरुजींचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्यावर येतो. एकदा पेपर तपासताना मला एक उत्तर सापडलं. मुलानं लिहिलं होतं, "कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म असोदे येथे झाला. त्या तुकाराम महाराजांच्या शिष्या होत्या. त्यांच्या पतीने त्यांना मारून बांधून ठेवले होते." मी लाल पेनानं आडवी रेघ मारली, शून्य दिलं आणि पुढचा पेपर घेतला. संध्याकाळी चहा पिताना मात्र ते उत्तर डोक्यातून जाईना. पोरानं दोन बहिणाबाई एकत्र केल्या होत्या. एक शिऊरच्या, जन्म १६२८, मृत्यू १७००. दुसऱ्या आपल्या असोद्याच्या, जन्म १८८०, मृत्यू १९५१. पहिल्या गेल्या आणि दुसऱ्या जन्मल्या यात १८० वर्षांचं अंतर. चूक तर खरीच. पण मला प्रश्न पडला तो वेगळा : आपण या दोघींना असं काय शिकवतो, की त्या मुलाच्या डोक्यात त्या दोन बायका सहज एकमेकींत मिसळून जाव्यात? जन्म कुठे, लग्न कितव्या वर्षी, नवरा कसा, दुःख किती. हा साचा एकदा तयार झाला की त्यात कुठलीही बाई बसते. गाईडमध्ये तर हा साचा छापूनच मिळतो.

पद्यातलं आत्मकथन म्हणजे स्वतःची हकीकत गद्यात न सांगता अभंगात, ओवीत, कवितेत सांगणं. आपण ते वर्गात वाचतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचं आधी गद्य करून टाकतो आणि मग ते गद्य शिकवतो. सरळ अर्थ, संदर्भासहित स्पष्टीकरण, कवयित्रीच्या जीवनावर टीप. माझी तक्रार एवढीच आहे की या रस्त्यानं गेलं की त्या मजकुरात पद्य असल्यामुळे जे घडतं, नेमकं तेच हातातून निसटतं.

काय घडतं ते शिऊरच्या बहिणाबाईंवरून सांगतो. इथल्या बऱ्याच जणांनी त्यांचा एकच अभंग ऐकलेला असतो, वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा दिलेला तो. कीर्तनात तो हमखास येतो. पण त्यांनी स्वतःची सगळी हकीकत अभंगांत सांगून ठेवली आहे, हे मला स्वतःला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर गेलं की त्यांचा मुलूख लागतो. वेरुळजवळचं देवगाव हे माहेर, वैजापूर तालुक्यातलं शिऊर ही पुढची कर्मभूमी, समाधीही तिथेच. म्हणजे आपल्या शेजारच्याच म्हणायच्या. त्यांचे अभंग १९१३ साली उमरखाने यांनी छापले आणि १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट यांनी ते इंग्रजीत नेले. अ‍ॅबटनी आपल्या पुस्तकाच्या नावातच त्याला आत्मचरित्र म्हटलं.

हकीकत थोडक्यात अशी. ब्राह्मण घरातली मुलगी, अगदी तान्हं म्हणावं अशा वयात लग्न, नवरा तिशीतला बिजवर. भाऊबंदकीच्या भांडणात माहेरच्यांना रातोरात गाव सोडावं लागतं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असं करत सगळं कुटुंब कोल्हापूरला पोचतं. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. तिथे एक गाय दान मिळते, तिला वासरू होतं आणि त्या वासराला या मुलीचा इतका लळा लागतो की ते तिच्यामागे जयराम स्वामींच्या कीर्तनाला जाऊन उभं राहतं. स्वामी वासराच्या आणि मुलीच्या, दोघांच्या डोक्यावरून हात फिरवतात. गावात बोलबाला होतो. कुणीतरी नवऱ्याला जाऊन सांगतं. नवरा तिला मारतो, बांधून ठेवतो. गाय आणि वासरू चारापाणी सोडतात. पुढे वासरू मरतं, मुलगी बेशुद्ध पडते आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचं दर्शन होतं. एका शूद्र वाण्याला या ब्राह्मण मुलीनं गुरू मानलं, यावरून पुन्हा घरात आग.

आता वर्गात काय होतं ते बघा. मारहाणीचा अभंग वाचला की वर्गात एकदम शांतता होते. मग मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारते, "सर, मग तिनं त्याला सोडून का नाही दिलं?" हा प्रश्न मला जवळपास दरवर्षी आला. आणि पुढचे अभंग तर आणखी अडचणीचे. कारण त्याच बाई पुढे म्हणतात की नवऱ्याची सेवा हाच माझा धर्म. दुसरीकडे त्याच म्हणतात की बाईचा देह मिळाला म्हणून वेदांचा अधिकार गेला, शास्त्रं आम्हाला दारातच उभं करतात. त्यांनीच 'वज्रसूची' मराठी अभंगांत आणली, म्हणजे जन्मानं ब्राह्मण ठरत नाही असं सांगणारा ग्रंथ. ही सगळी एकाच बाईची वाक्यं.

मास्तराला इथे दोन मोह होतात. मला दोन्ही झाले. एक म्हणजे बाईंना पतिव्रता म्हणून मखरात बसवायचं : बघा, इतका छळ होऊनही सेवा सोडली नाही. दुसरा, तिला बिचारी ठरवायचं : काळच तसा होता, तिचा इलाज नव्हता. दोन्हींत आपण एक शब्द घालतो जो मूळ अभंगांत नाही. तो शब्द म्हणजे 'म्हणून'. मार खाल्ला म्हणून देवाकडे वळली. देवाकडे वळली म्हणून नवऱ्याला क्षमा केली. गद्य आत्मचरित्र असतं तर लेखकाला हा 'म्हणून' कुठेतरी लिहावाच लागला असता. एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाताना पूल बांधावा लागतो. अभंगाला तशी सक्ती नाही. एक अभंग संपला, तुकोबांचं किंवा स्वतःचं नाव आलं, थांबला. दुसरा अभंग दुसऱ्या ठिकाणाहून सुरू झाला. मधल्या जागेत काय घडलं ते बाई सांगत नाहीत. मार आणि सेवा, तक्रार आणि शरणागती, सगळं शेजारी शेजारी ठेवलेलं, सांधा नाही. ज्यांनी मार खाल्लेला आहे त्यांना ही बिनसांध्याची रचना अनोळखी वाटत नाही, एवढं मी वर्गातले चेहरे बघून सांगू शकतो.

म्हणून मी पुढे पुढे एक केलं. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं थांबलो. मी म्हणायचो, "तुला काय वाटतं, हे बाई कुणाला सांगताहेत?" मुलं आधी म्हणायची, देवाला. मग कुणीतरी म्हणायचं, आपल्याला. मग मी सांगायचो की शेवटच्या भागात श्रोता अगदी उघड आहे. बहिणाबाई मृत्यूच्या दारात आहेत आणि आपल्या मुलाला, विठोबाला, मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगताहेत. हा तेरावा, शेवटचा. श्रोता मुलगा आहे हे कळलं की आधीचं सगळं वेगळं ऐकू यायला लागतं. ज्या नवऱ्यानं मारलं तो या मुलाचा बाप आहे! आई मुलाजवळ बापाबद्दल किती बोलेल, कुठे थांबेल, कुठे आवाज बदलेल? आता त्या मधल्या मोकळ्या जागा नुसत्या मोकळ्या राहत नाहीत. वर्गातली पोरं या प्रश्नावर जितकी बोलली तितकी मी कधी कुठल्या प्रश्नावर बोलताना पाहिली नाहीत. कारण आई बापाबद्दल आपल्याजवळ कुठे थांबते हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

बारा जन्मांवरून मला थोडं माझ्या विषयात जाऊ द्या, नाहीतर पेन्शन घेतल्याचं पाप लागेल. विज्ञानाची मुलं बारा जन्म म्हटलं की हसायची. मग मी त्यांना लॉक सांगायचो. जॉन लॉक हा इंग्लंडचा तत्त्वज्ञ, जन्म १६३२, म्हणजे बहिणाबाईंपेक्षा चार वर्षांनी लहान. त्याच्या मोठ्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १६९४ साली आली, तेव्हा त्यानं त्यात एक नवीन प्रकरण घातलं : कालचा मी आणि आजचा मी एकच, हे कशावरून? शरीर तर बदलतं. लॉक म्हणतो, आठवणीवरून. माझी जाणीव मागे जिथवर पोचते तिथवर मी. तो तर असंही म्हणतो की एखादा माणूस म्हणाला, माझ्यात सॉक्रेटिसचाच आत्मा आहे, पण त्याला सॉक्रेटिसचं काहीच आठवत नसेल, तर तो सॉक्रेटिस नव्हे. म्हणजे पुनर्जन्माचा प्रश्न लॉकला हास्यास्पद वाटत नव्हता, त्याला फक्त आठवणीचा पुरावा हवा होता. आणि त्याच काळात शिऊरला एक म्हातारी मरणशय्येवर सांगत होती की मला आठवतं. दोघांना एकमेकांचं नावही माहीत असण्याचं कारण नाही.

मला तेरा जन्म खरे मानायला सांगू नका, मुलांनाही मी सांगितलं नाही. पण लॉकनं आणखी एक महत्त्वाचं म्हटलंय : व्यक्ती हा शब्द जबाबदारीच्या व्यवहारातला आहे. जे मला आठवतं त्याची जबाबदारी माझी. आता बहिणाबाईंकडे परत बघा. त्या मागचे जन्म आठवतात ते फुशारकीसाठी नव्हे. या जन्मात वाट्याला जे आलं ते आपल्या हाताशी घ्यायला, त्याला आपलं म्हणायला त्यांना एवढी लांबलचक साखळी लागली. एका जन्मात ते मावत नव्हतं. मला विचाराल तर त्या सबंध आत्मकथनातला सगळ्यात धीट भाग हाच आहे आणि पाठ्यपुस्तकवाले तो सगळ्यात आधी गाळतात.

अमळनेरला प्रताप तत्त्वज्ञान केंद्राच्या वाचनालयात बसून मी लॉकचं ते प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा शिऊरचं नावही माझ्या डोक्यात नव्हतं. दोन कपाटांत ठेवलेली पुस्तकं एकमेकांशी बोलायला कधीकधी तीस वर्षं घेतात.

बरं. आता असोद्याला येऊ, नाहीतर इथली मंडळी उठून जातील.

बहिणाबाई चौधरींबद्दल या जिल्ह्यात बोलणं म्हणजे आईसमोर आजोळचं वर्णन करण्यासारखं आहे. विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचं नाव आहे. म्हणून जपून बोलतो, पण बोलतो. त्यांच्या कवितांना सरसकट आत्मचरित्र म्हणणं मला पटत नाही. वैधव्यावरची त्यांची कविता आत्मकथन आहे, यात वाद नाही. तिशीच्या आसपास नवरा गेला, लहान मुलं पदरात. त्या कवितेत त्या काय करतात? कपाळावरून एक गोष्ट गेली तर तिच्या जागी कातडीवरची न पुसली जाणारी दुसरी गोष्ट दाखवतात. हातातलं गेलं तर हातातलंच दुसरं दाखवतात. काय गेलं आणि काय राहिलं याचा जमाखर्च मांडतात, शेतकऱ्याच्या बाईनं सुगीनंतर मांडावा तसा. हात बघून भविष्य सांगणाऱ्याला त्या दारातूनच परत पाठवतात. इथे 'मी' ठाम आहे, तारीखवार आहे, तिच्या आयुष्यातलाच आहे. पण मनावरची कविता? सुगरणीच्या घरट्यावरची? ती आत्मचरित्र म्हणून वाचायची ठरवली तर आपण एका मोठ्या कवीला तिच्या स्वतःच्या घराच्या चार भिंतींत परत नेऊन बसवतो. पुरुष कवीनं मनावर लिहिलं तर ते चिंतन आणि बाईनं लिहिलं तर तिच्या दुःखाचा आविष्कार, हा हिशेब माझ्या डोक्यात बसत नाही.

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट आठवा. बहिणाबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. त्या बोलत गेल्या, गात गेल्या. सोपानदेवांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी ते उतरवून घेतलं. आई १९५१ च्या डिसेंबरात गेली. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. अत्रे नसते तर ते आलं नसतं असं सगळे सांगतात, आणि ते बरोबरही आहे. पण त्याआधी एक मुलगा पेन घेऊन बसला होता. इथेही आई सांगते, मुलगा ऐकतो. शिऊरलाही तेच. दोघींच्याही मुलीचं नाव काशी, हा निव्वळ योगायोग, पण माझ्या त्या शून्य मिळालेल्या विद्यार्थ्याला तेवढ्यासाठी एक मार्क द्यायला हवा होता.

उतरवून घेणारा मुलगा असला की काय होतं? तो काय गाळतो? आईनं पाट्यावर बसून मुलाला जे म्हटलं ते, आणि शेजारणीला जे म्हटलं असतं ते, यात फरक असणारच. हा संशय नाही, ही वाचण्याची रीत आहे. 'गीताप्रवचने' वाचताना आपण साने गुरुजींना विसरतो, तसं इथे सोपानदेवांना विसरू नये एवढंच. आणि ज्या ओव्या कुणी उतरवूनच घेतल्या नाहीत त्यांचं काय? गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं. ती नोंद वाचताना गंमत कळते. एकच ओवी, 'मी' म्हणत, दहा गावांतल्या दहा बायका गातात. मग ती आठवण कुणाची? गाणाऱ्या प्रत्येकीची. वैधव्याच्या कवितेतला 'मी' एका बाईचा आणि जात्यावरच्या ओवीतला 'मी' सगळ्यांचा. असोद्याच्या बहिणाबाई या दोन टोकांच्या बरोबर मध्ये उभ्या आहेत, आणि वर्गात हे दाखवायला त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

भाषेचं एक सांगतो. धुळ्याच्या वर्गात मी त्यांची कविता मोठ्यानं वाचली की साक्री-शिरपूरची पोरं म्हणायची, "सर, हाई आमनी अहिराणी नही शे." आणि यावल-रावेरकडची एखादी लेवा पाटलांची मुलगी हळूच म्हणायची, "सर, माझी आजी असंच बोलते." पुस्तकात मात्र सगळीकडे 'खानदेशी बोली' असा एकच शिक्का. मी वाचणं बंद केलं आणि त्या मुलीला वाचायला लावलं. माझ्या तोंडून ती कविता होती, तिच्या तोंडून ती कुणाचं तरी बोलणं झाली. हा प्रयोग कुठल्याही शिक्षकाला फुकटात करता येतो.

बाहेरचं थोडं. आग्ऱ्याचे जैन व्यापारी बनारसीदास यांनी १६४१ साली 'अर्धकथानक' लिहिलं, दोहा-चौपाईंत, एकंदर ६७५ पद्यं. अर्धं का, तर माणसाचं आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरलं आणि आपण पंचावन्न वर्षांचे आहोत, म्हणून अर्धीच कथा. दोन वर्षांत ते गेले. हे गृहस्थ स्वतःला 'मी' न म्हणता बनारसी म्हणतात आणि स्वतःची फजिती खुशाल सांगतात. कुणा संन्याशानं मंत्र दिला की हा वर्षभर संडासात बसून गुपचूप जप, मग रोज दारात एक सोन्याचं नाणं सापडेल. यांनी वर्षभर जपला! वर्ग खो खो हसतो. आणि त्याच पोथीत ते सांगतात की नऊ मुलं झाली, नऊही गेली, पानगळ झालेल्या झाडासारखी आम्ही दोघं उरलो. एवढंच. एका दोह्यात नऊ मुलं. हसणारा वर्ग तिथे कसा थांबतो ते तुम्ही एकदा बघाच. गद्यात नऊ मरणांना नऊ पानं लागली असती आणि चौथ्या पानापाशी वाचणाऱ्याचं मन बधिर झालं असतं.

वर्ड्सवर्थनं आपलं बालपण १७९९ ला एकदा पद्यात सांगितलं, १८०५ ला वाढवून पुन्हा सांगितलं, आणि तरीही आयुष्यभर बदलत राहिला. छापून आलं ते तो गेल्यावर, १८५० साली. आठवण एक, सांगणं तीन. आजकाल अमेरिकेतल्या शाळांत जॅकलीन वुडसन यांचं 'ब्राऊन गर्ल ड्रीमिंग' मुलं वाचतात, २०१४ चं पुस्तक. त्याची सुरुवातच लेखिकेच्या जन्मापासून. आता स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? तो दुसऱ्यांनी सांगितलेलाच असतो. आणि घरचंच उदाहरण हवं असेल तर तुकोबा. दुष्काळात धंदा बुडाला, बायको अन्न अन्न करत गेली, हे ते सांगतात, पण आधी बजावतात की हे बोलू नये, तुम्ही विचारलंत म्हणून बोलतो. विचारणारा होता म्हणून आत्मकथन झालं. नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' १९६६ चं. तिथे कुणी विचारलेलं नाही, सुर्वे स्वतःहून उभे राहून सांगतात, आणि आवाजातला तो फरक पोरांना एका वाचनात कळतो.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो.

हे सगळं शिकवून झाल्यावर एका वर्षी मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला काम दिलं : आपल्या घराबद्दल ओवीच्या चालीत दहा ओळी लिहा. पुष्कळ आल्या, बऱ्याच जमलेल्या नव्हत्या. एक मात्र अशी आली की मी ती हातात घेऊन स्टाफरूममध्ये कितीतरी वेळ बसून राहिलो. बाप रात्री कसा येतो, आई पैसे भगरीच्या डब्यात कशी लपवते आणि बापाला नेमका तोच डबा कसा सापडतो. दारातल्या निंबाला टांगलेलं सायकलचं चाक वाऱ्यानं फिरतं, तेवढाच आवाज. मी दुसऱ्या दिवशी ती वर्गात वाचून दाखवली. नाव घेतलं नाही. मला वाटलं मी काळजी घेतली. पण निंबाला सायकलचं चाक टांगलेलं घर त्या गावात एकच होतं आणि वर्गात त्या गावची सात मुलं होती.

ती मुलगी तीन आठवडे आली नाही. मग एके दिवशी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मी तुम्हाला लिहून दिलं होतं. वर्गाला सांगितलं नव्हतं." माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली. तिनं मान हलवली आणि गेली. परीक्षा दिली तिनं, पास झाली, पण माझ्या तासाला परत बसली नाही.

महिनाभर मी वर्गाला सांगत होतो की श्रोता कोण ते बघा, पद्यात माणूस जेवढं झाकतो तेवढंच सांगतो, त्या झाकण्याला मान द्या. आणि एक जिवंत आत्मकथन हातात आलं तेव्हा मी तेच केलं जे गाईडवाले करतात. चांगला नमुना म्हणून दाखवला. तिचा श्रोता एकटा मी होतो. मी परस्पर साठ जण करून टाकले.

त्यानंतर मी ते काम बंद केलं नाही. काही सहकारी म्हणाले, बंद करा, नसती भानगड. मला ते पटलं नाही, कारण त्या मुलीनं ते लिहिलं होतं, म्हणजे तिला लिहायचं होतं. पण पद्धत बदलली. कागदाच्या वर मुलानं स्वतः लिहायचं : हे कुणी वाचायचं. फक्त सरांनी, वर्गानं, किंवा कुणीच नाही. 'कुणीच नाही' असं लिहिलेला कागद घडी करून पाकिटात द्यायचा. मी फक्त काम झाल्याची नोंद करायचो आणि पाकीट न उघडता परत. सुरुवातीला मला वाटलं पोरं कोरे कागद घालून देतील. दिले असतील काहींनी. पण एका मुलाचं पाकीट इतकं जाड होतं की मला उघडायचा मोह आवरताना त्रास झाला, हेही कबूल करतो. दुसरं काम असं : घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांचं सांगणं त्यांच्याच बोलीत उतरवून आणा, मग त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनी जे काढायला सांगितलं ते काढा. काय काढलं ते वर्गात सांगायचं नाही, फक्त किती ओळी काढल्या ते सांगायचं. एका मुलाच्या आजीनं सगळं ठेवलं आणि स्वतःच्या नवऱ्याचं नाव तेवढं खोडायला लावलं. आम्ही त्या खोडलेल्या जागेवर एक तास बोललो. शिऊरच्या अभंगांमधल्या मोकळ्या जागा मुलांना त्या दिवशी जितक्या कळल्या तितक्या माझ्या व्याख्यानानं कधी कळल्या नव्हत्या.

गुण कसे द्यायचे हा प्रश्न राहतो, आणि इथे बसलेले शिक्षक तो विचारणार आहेत हे मला दिसतंय. मी आत्मकथनाला गुण देत नसे. त्यांनी वाचलेल्या आत्मकथनावर जे लिहिलं त्याला देत असे. विद्यापीठाच्या नियमात ते बसायचं की नाही, कुणी कधी तपासलं नाही.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी शिऊरच्या बहिणाबाईंचा कोल्हापूरचा, वासराचा भाग घ्यावा. तो लांब नाही, गोष्ट आहे, आणि वासरू असल्यामुळे लहान मुलंही ऐकतात. आधी एखाद्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घ्या. अर्थ सांगू नका. मारहाणीपाशी आलात की थांबा, आणि पुढचा अभंग लगेच वाचू नका, तो दुसऱ्या दिवशी वाचा. मधली रात्र मुलांकडे राहू द्या.

आता पाणी पितो. प्रश्न असतील तर घेऊ, पारोळ्यामार्गे जाणारी शेवटची गाडी चुकणार नाही एवढेच घ्या.